न मोजलेले आकडे

प्रणिता दळवीनं आयुष्यात एकदाच खोटे आकडे लिहिले. तेही घाईत किंवा घाबरून नाही; टेबलाशी नीट बसून, सुवाच्य अक्षरात. त्यापायी तिची नोकरी गेली, चाळीस घरांच्या वसाहतीत तिच्या नावानं सभा भरली, नवऱ्यानं आठ दिवस अबोला धरला. पण माफी माग म्हटल्यावर ती जे नाही म्हणाली, त्यावरून शेवटपर्यंत हलली नाही.

बरं, ही बाई तोंडाला येईल ते ठोकून देणाऱ्यातली नव्हती. पुण्याहून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करून ती त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं तयार करायची, तपासायची, हे तिच्या गटाचं काम. घरी आमटीत मीठसुद्धा काट्यावर तोलून घालायची. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्याच छापून आलेल्या शोधनिबंधात तिला एक चूक सापडली. जगात दुसऱ्या कुणाच्या ती लक्षात आली नव्हती. प्रणितानं निबंध मागे घेतला आणि हातातोंडाशी आलेली बढती गेली. "अगं, कुणी विचारलं होतं का तुला?" सारंग, तिचा नवरा, वैतागून म्हणाला होता. "मला कळलं ना," एवढंच ती म्हणाली.

मार्चमध्ये भूकंप झाला, उत्तरेला अणुभट्टीचे स्फोट झाले आणि ओळखीची बहुतेक मराठी कुटुंबं मिळेल त्या विमानानं पुण्यामुंबईला निघून गेली. सासूबाईंचे दिवसाला चार फोन यायचे. प्रणिता जागची हलली नाही. "आई, जन्मभर ज्याची तयारी केली ती वेळ आल्यावर मीच पळू का?" तिनं विचारलं. सारंगला टोकियोला कामावर जायचंच होतं आणि नऊ वर्षांच्या अक्षयाला शाळा सोडायची नव्हती. तिघं राहिले.

संस्थेच्या परवानगीनं ती शनिवार-रविवारी एक मीटर घरी आणायला लागली. हातात मावेल एवढं यंत्र, पुढे वायरनं जोडलेली नळी. नळी जवळ नेली की ते टिक-टिक वाजायचं. जितकी टिकटिक जास्त, तितका किरणोत्सर्ग जास्त. वसाहतीतली घसरगुंडी, बाकं, गटारं, सगळं तिनं मोजलं आणि आकडे फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिले. एका पन्हाळीखाली आकडा चढा निघाला, तर तोही लिहिला आणि माती उचलायला लावली. खालच्या मजल्यावरच्या मोरीशिता-सानची दोन वर्षांची मुलगी वाळू दिसली की तोंडात घालायची. प्रणितानं वाळूचा हौद तीनदा मोजला आणि मगच म्हणाली, "खेळू द्या." मोरीशिता-साननं त्या दिवशी महिन्याभरात पहिल्यांदा लेकीला वाळूत सोडलं. टीव्हीवरच्या तज्ज्ञांवर विश्वास नसलेली माणसंसुद्धा म्हणायची, दारुवी-सान म्हणतात ना, मग ठीक आहे. 'दळवी' कुणालाच म्हणता यायचं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला वसाहतीत दोघी नवीन आल्या. कान्नो-सान नावाची पस्तिशीची बाई आणि तिची मुलगी कोहारू. अणुभट्टीजवळच्या गावातून बाहेर काढलेल्या लोकांपैकी. कोहारूचा बाप गावच्या कचेरीत कामाला, तो गावकऱ्यांबरोबर तिकडे एका शाळेच्या व्यायामशाळेत मुक्कामाला राहिला होता. मामाचा रिकामा फ्लॅट होता म्हणून या दोघी इथे आल्या. कोहारू अक्षयाच्याच वर्गात.

वसाहतीतली मुलं सकाळी रांगेनं शाळेत जायची. पुढे सहावीतली मुलगी पिवळा झेंडा घेऊन, मागे लहानमोठी बारा जणं. एका संध्याकाळी जेवताना अक्षया म्हणाली, "कोहारू-चान रांगेत नसते. मागून येते."

"मागून म्हणजे?"

अक्षयानं हातानं अंतर दाखवायचा प्रयत्न केला, मग जपानीतच म्हणाली, "वीसेक पावलं. तिचा कागद अजून आलेला नाही ना."

कागद कसला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. वसाहतीच्या समितीनं ठराव केला होता की 'त्या भागातून' आलेल्यांनी तपासणीचा दाखला दिल्याशिवाय सभागृह आणि मुलांचे सामायिक उपक्रम वापरू नयेत. समितीचे अध्यक्ष ओगाता-सान स्वतः प्रणिताच्या दाराशी आले. सत्तरीचे गृहस्थ, मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत पस्तीस वर्षं काढलेले, शब्द जपून वापरणारे. येताना आपल्या भाजीच्या वाफ्यातले कांदे घेऊन आले होते.

"काही आयांना भीती वाटते," ते म्हणाले. "दारुवी-सान, तुम्ही त्या मुलीला तपासून चार ओळी लिहून दिल्यात तर प्रश्नच मिटेल. तिच्याही हिताचं आहे."

"ओगाता-सान, हे काही एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घर सोडून त्यांना महिना झाला. आंघोळी झाल्या, कपडे बदलले."

"तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण लोकांना कागद लागतो."

तिला ते आवडलं नाही, पण पाच मिनिटांचं काम होतं. करू, म्हणाली.

त्या रविवारी मीटर तिच्याकडे नव्हतं. तिचे सहकारी ते घेऊन फुकुशिमात मोजणीला गेले होते. पुढच्या आठवड्यात कधी येऊ, एवढं विचारायला ती सकाळी कान्नो-सानच्या दाराशी गेली. दार उघडलं, तिनं नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं. कान्नो-सान तिथल्या तिथे कमरेत वाकली. तुम्हाला उगाच त्रास, आमच्यामुळे सगळ्यांनाच त्रास. मग आत वळून तिनं हाक मारली.

कोहारू आली. बारीक चणीची, केस कानाशी कापलेले. प्रणिताकडे तिनं एकदाच पाहिलं. मग कुणी काही न सांगता दारातल्या फरशीवर पाय फाकवून उभी राहिली, दोन्ही हात बाजूला पसरले, तळवे वर केले आणि डोळे मिटून घेतले.

"तीन शिबिरांत तीन वेळा तपासलं," कान्नो-सान हळूच म्हणाली. "दोन ठिकाणी कागद दिलाच नाही. तिसरीकडचा होता तो सामान हलवताना हरवला. काही नाही निघालं, प्रत्येक वेळी काही नाही म्हणाले. पण आता ही आपण होऊनच अशी उभी राहते. परवा कोपऱ्यावरच्या दुकानात गणवेशातला माणूस दिसला तर तिथेही."

"हात खाली घे, बाळ," प्रणिता म्हणाली.

"अजून वाजलं नाही," कोहारू डोळे न उघडता म्हणाली.

प्रणिताच्या हातात काहीच नव्हतं. मुलीचे दंड थरथरायला लागले होते, पण ती हात खाली घेत नव्हती. कुणीतरी मोकळं केल्याशिवाय घ्यायचे नाहीत, हे तिला शिकवलं गेलं होतं. प्रणिताच्या मनात आलं, आपली अक्षया अशी उभी राहिली असती तर? आणि दुसऱ्याच क्षणी ती बोलून गेली.

"माझं मशीन वाजत नाही. झालंसुद्धा. काही नाहीये तुझ्या अंगावर."

कोहारूनं डोळे उघडले. हात हळूहळू खाली आले. "नक्की?"

"नक्की."

मुलगी आत पळाली. कान्नो-सानची नजर प्रणिताच्या रिकाम्या हातांवर होती. ती पुन्हा वाकली, आणि या वेळी तिच्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही.

घरी आल्यावर प्रणितानं बराच विचार केला. पुढच्या रविवारी मीटर आणून खरंच मोजता आलं असतं. पण मग त्या पोरीला पुन्हा उभं करायचं, पुन्हा ते वाजेपर्यंत डोळे मिटायला लावायचं. आणि कशासाठी? शास्त्राचा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मोजायला गेलो म्हणजे मोजण्यासारखं काही आहे हे कबूल केलं. ज्यांना तो प्रश्न विचारायचा हक्कच नव्हता, त्यांच्यासाठी एका लेकराला चौथ्यांदा हात पसरायला लावायचे, हे तिच्यानं होईना.

तिनं कागद घेतला. नाव, तारीख, मीटरचा क्रमांक. क्रमांक तिला तोंडपाठ होता आणि क्रमांकाशिवायच्या कागदाला किंमत नसते. मग डोकं, तळहात, कपडे, बुटांचे तळवे. अंगावर काही नसलं तरी यंत्र मिनिटाला ऐंशीएक वेळा वाजतंच. खरे आकडे कधी एकसारखे येत नाहीत, थोडे वर, थोडे खाली असतात. तिनं लिहिलं, अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी, पंचाहत्तर, एक्याऐंशी. लिहिताना तिला जाणवलं की खोटं किती बेमालूम जमतंय आपल्याला, वीस वर्षांचा अभ्यास कामी येतोय, आणि अंगावर काटा आला. तरी हात थांबला नाही. खाली सहीच्या जागी तिनं आपला शिक्का उमटवला.

सोमवारी कोहारू रांगेत होती, अक्षयाच्या मागे.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी ओगाता-सान पुन्हा आले. या वेळी हातात कांदे नव्हते, एक फाइल होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"समितीनं स्वतःचं मीटर घ्यायचं ठरवलंय," ते म्हणाले. "कुठल्या प्रकारचं घ्यावं म्हणून मी तुमच्या संस्थेत फोन केला. तुमच्या कागदावरचा क्रमांक सांगितला. तिथला माणूस म्हणाला, ते यंत्र त्या रविवारी फुकुशिमात होतं."

प्रणितानं फाइलीतला आपला कागद ओळखला.

"क्रमांक चुकून दुसरा पडला असेल," ओगाता-सान म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते, फाइलीकडे पाहत होते. "सवयीनं. होतं असं. तुम्ही तसं म्हणालात तर मी कागदावर दुरुस्ती करून घेतो."

सुटकेची वाट उघडी होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"क्रमांक चुकलेला नाही," प्रणिता म्हणाली. "मी मोजलंच नाही. ते आकडे मी मनानं लिहिले."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "तुम्ही? का?"

"तुम्ही मागितलात तो कागद मागायला नको होता म्हणून."

"तर मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लोकांना कागद लागतो. म्हणून कागद दिला."

ओगाता-साननी फाइल मिटली. "मला हे लपवता येणार नाही," ते म्हणाले.

"लपवा असं मी म्हणतच नाही."

सारंगला तिनं त्याच दिवशी सगळं सांगितलं. आधी त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तो स्वयंपाकघरातच खुर्चीत बसला.

"दशांशचिन्हासाठी निबंध मागे घेणारी तू. तू?"

"हो."

"आणि त्यांनी वाट काढून दिली होती ना? क्रमांक चुकला म्हणायचं, संपलं."

"मग ते म्हणाले असते, बरं, आता नीट मोजा."

"मोज ना! पाच मिनिटांचं काम. काही निघणार नाही हे तुलाच माहीत आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरला संपतंय, तुझा व्हिसा त्याच्याशी बांधलेला आहे, अक्षयाची शाळा आहे. तुला नक्की काय सिद्ध करायचंय?"

"काहीच नाही. मला त्या मुलीला पुन्हा उभं करायचं नाहीये."

"त्यासाठी सगळ्या गावाला फसवायचं?"

"गावाला नाही. तो ठराव करणाऱ्यांना."

"फसवणूक ती फसवणूकच, प्रणिता. उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझं खोटं चांगल्यासाठी होतं."

हे तिनं मान्य केलं. तरी ती मागे हटली नाही. तेव्हापासून सारंग बोलेनासा झाला. डबा घ्यायचा, गाडीला जायचा, यायचा.

संस्थेत निशिमुरा सेन्सेईंनी बोलावलं. ते तिचे गटप्रमुख. अकरा वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. टेबलावर कोरा कागद ठेवला होता.

"शिमात्सुशो लिहा," ते म्हणाले. झाल्या चुकीचा खुलासा आणि दिलगिरी, एका पानात. "शेजाऱ्यांच्या दबावाखाली चूक झाली, पुन्हा होणार नाही. मग त्या मुलीला रीतसर तपासा. वरच्या लोकांना मी समजावतो."

"सेन्सेई, दबावाखाली नाही झाली. मी ठरवून केलं."

"तसं लिहायची गरज नाही."

"तसं नाही लिहिलं तर तेही खोटंच होईल."

सेन्सेईंनी चष्मा काढून पुसला. "एक विचारू? समजा त्या मुलीच्या बुटांना खरोखरच काही असतं. मग काय लिहिलं असतं तुम्ही?"

"तिच्या आईला सांगितलं असतं. डॉक्टरकडे पाठवलं असतं. समितीला काही सांगितलं नसतं."

"पण तुम्ही मोजलंच नाहीत. म्हणजे तुम्हाला कळलंच नसतं."

हा घाव वर्मी बसला. तीन शिबिरांत काही निघालं नव्हतं, हे तिनं कान्नो-सानच्या शब्दावर मानलं होतं. शास्त्रज्ञ म्हणून ते पुरेसं नव्हतं, आणि ते तिला लिहितानाही ठाऊक होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "तो धोका मी घेतला. मुलीसाठी घेतला, पण तिला न विचारता घेतला. ते कबूल करते. पण माफी मागणार नाही."

"यात फरक काय?"

"माफी मागितली की कागद मागणाऱ्यांचं बरोबर होतं असा अर्थ होतो. आणि त्याची किंमत ती पोर देणार."

सेन्सेईंनी कोरा कागद पुन्हा खणात ठेवला. यंत्रांच्या कपाटाची किल्ली मात्र त्यांनी तिच्याकडून मागून घेतली. ती तिनं मुकाट्यानं दिली.

मे महिन्याच्या एका शनिवारी दुपारी वसाहतीच्या सभागृहात सभा भरली. तीसेक माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली होती. पुढच्या टेबलावर समितीनं घेतलेलं नवं कोरं मीटर होतं. मागच्या रांगेत, दाराला लागून, कान्नो-सान एकटीच बसली होती. मुलं बाहेर खेळत होती. सारंग येईल असं प्रणिताला वाटलं नव्हतं, पण तो आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

ओगाता-साननी झालेली हकिगत जशीच्या तशी सांगितली, एक शब्द वाढवला नाही की गाळला नाही. मग सगळे प्रणिताकडे पाहू लागले. तिनं उठून उभं राहायचं, खोल वाकायचं, दोन वाक्यं बोलायची. लोक मान हलवतील आणि विषय संपेल. तिथली रीत अशीच होती आणि ती तिला चांगली माहीत होती.

ती उठली. बोलायच्या आत मोरीशिता-सानचा आवाज आला. लेक तिच्या मांडीवर झोपली होती.

"दारुवी-सान, वाळूचे आकडेसुद्धा तसेच होते का?"

प्रणितानं सगळ्याची तयारी केली होती, पण याची नाही.

"नाही. ते मोजलेले होते. तीनदा."

"ते मला कसं कळणार?"

मोरीशिता-सानच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. महिनाभर ती लेकीला त्या वाळूत सोडत होती, एका बाईच्या शब्दावर.

"नाही कळणार," प्रणिता म्हणाली. "मी आता काहीही सांगितलं तरी तुम्हाला कळायचा मार्ग नाही. तो मार्ग मी मोडला. मोरीशिता-सान, त्याबद्दल मी तुमची माफी मागते." आणि ती वाकली, कमरेपासून, बराच वेळ. मग ताठ झाली. "पण कोहारूच्या कागदाबद्दल मी माफी मागणार नाही. तो कागद मागणं चूक होतं. तुम्ही पुन्हा मागितलात तर मी पुन्हा नाही म्हणेन, आणि या वेळी तोंडावर म्हणेन. पहिल्यांदाच तसं करायला हवं होतं. तेवढं धैर्य मला झालं नाही, म्हणून खोटं लिहिलं."

कुजबुज सुरू झाली. पुढे बसलेला एक गृहस्थ म्हणाला, "हा वाद कशाला? मीटर इथेच आहे. मुलगी बाहेर आहे. आता मोजू आणि मोकळे होऊ."

मागे खुर्ची सरकली. कान्नो-सान उभी राहिली होती. "मी बोलावते तिला," ती म्हणाली. "आमच्यामुळे सगळ्यांना…"

"बसा, कान्नो-सान," प्रणिता म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मोजायचं ना? मोजू या. पण त्या पावसात इथे आपण सगळेच होतो. मार्चमधला पाऊस या छपरावरही पडला. ज्यांना त्या मुलीला मोजायचंय त्यांनी आधी स्वतः उभं राहायचं. इथे, सगळ्यांसमोर, हात पसरून. आधी मी."

ती टेबलापुढे आली. मीटर उचलून तिनं मोरीशिता-सानपुढे धरलं. "तुम्ही मोजा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आकडा स्वतः वाचा."

मोरीशिता-साननं लेकीला शेजारणीकडे दिलं. मीटर हातात घेतलं, बटण कुठलं ते विचारलं. प्रणिता पाय फाकवून उभी राहिली, हात पसरले, तळवे वर केले. टिक-टिक सुरू झाली. नळी डोक्यावरून, खांद्यावरून, तळहातांवरून सावकाश फिरली. दोन मिनिटंही लागली नसतील, पण तिचे दंड भरून आले, मानेवर घाम आला. तीस माणसं बघत होती. उघडंवाघडं उभं केल्यासारखं वाटत होतं. दोष नसताना दोषी असल्यासारखं.

"एकोणऐंशी," मोरीशिता-साननं वाचलं. "पुढचं कोण?"

कुणीच उठलं नाही. खिडकीशी बसलेल्या एका बाईनं पर्स मांडीवर ओढून घेतली. मग सारंग उठला. त्याला यातलं काहीही पटलेलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पसरले.

"चौऱ्याऐंशी."

मुलीला बोलावू म्हणणारा गृहस्थ जमिनीकडे पाहत होता. दोघं-तिघं उठून मागच्या दारानं निघून गेले. आणि मग ओगाता-सान अध्यक्षांच्या खुर्चीतून उठले. त्यांनी दारातले आपले बूट उचलून आणले, पायांत घातले, पुढे आले आणि हात पसरले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना पाय फाकवून नीट उभं राहता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

डोकं, हात, कपडे ठीक होते. बुटांच्या तळव्यांशी नळी गेली तशी टिकटिक वाढली. मोरीशिता-सान थबकली.

"दोनशे दहा," ती म्हणाली.

ओगाता-साननी डोळे उघडले. सत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते प्रणिताला पाहवेना.

"तुमच्या वाफ्यातली माती आहे," ती त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली. "काळजीचं काही नाही. बूट धुवा."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ओगाता-सान तसेच उभे होते. हात खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी ते घेतले, सभेकडे वळले आणि म्हणाले, "दाखल्याचा ठराव मी मागे घेतो. कुणाचा विरोध असेल तर हात वर करा." हात वर गेले ते सहा. सहा जणांचा विरोध नोंदवून ठराव रद्द झाला.

म्हणून सगळं गोडगोड झालं असं नाही. दोन घरांनी आपली मुलं रांगेतून काढून मोटारीनं शाळेत सोडायला सुरुवात केली. कोहारू जुलैपर्यंत रांगेत चालली, मग बापाला तात्पुरतं घर मिळालं आणि मायलेकी तिकडे गेल्या. जाताना कान्नो-सान दाराशी आली, पीचची पेटी ठेवायला निघाली आणि मध्येच थबकली. "तिकडचे आहेत," ती म्हणाली. "चालतील का?" प्रणितानं तिच्या देखत एक फळ धुतलं आणि खाल्लं. ओगाता-सान फाटकात भेटले की वाकायचे, पण बोलणं पूर्वीसारखं कधीच झालं नाही. त्यांच्या लेखी मोजमापाच्या कागदावर खोटं लिहिणं अक्षम्य होतं, आणि ठराव मागे घेतल्यानं ते मत बदललं नव्हतं. मोरीशिता-साननं समितीच्या मीटरनं वाळूचा हौद स्वतः मोजला. आकडा फळ्यावरच्यासारखाच आला. तरी तिनं लेकीला पुन्हा त्या वाळूत सोडलं नाही, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत ते कुटुंब ओसाकाला गेलं. प्रणिताला ते सगळ्यात जास्त लागलं. कुठलीही रात्रंदिवस मेहनत भरून काढू शकणार नाही असं काहीतरी तिनं मोडलं होतं.

सप्टेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण झालं नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही. तिचा व्हिसा सारंगच्या नोकरीवर फिरवून घ्यावा लागला. सासूबाई म्हणाल्या, आता तरी परत या. सारंग त्यावर जे बोलला ते प्रणितानं पलीकडच्या खोलीतून ऐकलं. "आई, ती चुकली असं मला अजून वाटतं. पण ती कुठे जाणार नाही, आणि आम्हीही नाही."

त्या हिवाळ्यात सेंदाईतल्या एका विद्यापीठात गावोगावची माती मोजणाऱ्या गटात जागा निघाली. अर्जात एक रकाना होता: संशोधनातील गैरवर्तनाचा काही पूर्वेतिहास? बहुतेक लोक तिथे 'नाही' लिहितात. तिनं 'आहे' लिहिलं आणि खाली पाच ओळींत सगळं.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या प्राध्यापिकेनं ती पाच ओळींची हकिगत दोनदा वाचली.

"याचा तुम्हाला पश्चात्ताप आहे, असं यात कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"ज्या आईनं माझ्या आकड्यावर मुलीला वाळूत सोडलं, तिच्याबाबतीत आहे. बाकी नाही."

"म्हणजे पुन्हा तसंच कराल?"

"पुन्हा तशी वेळ आली तर आधी तोंडावर नाही म्हणेन. त्यानं भागलं नाही, तर हो. करेन."

डावीकडच्या माणसानं पेन खाली ठेवलं. प्राध्यापिकेनं अर्जाचं पान उलटलं आणि मातीचे नमुने वाळवण्याच्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एक वर्षाची नेमणूक, एका अटीवर: कुठल्याही अहवालावर तिनं एकटीनं सही करायची नाही, सोबत दुसऱ्याची सही असलीच पाहिजे. सारंगनं ते पत्र वाचून तिच्याकडे पाहिलं. ती भडकणार, असं त्याला वाटलं.

"अट बरोबर आहे," प्रणिता म्हणाली. "मी त्यांच्या जागी असते तर हीच घातली असती." आणि तिनं अक्षयाला हाक मारून सेंदाईच्या शाळांची यादी काढायला सांगितली.